दोष आणि मौन

जुनी वस्तू बिघडली म्हणजे माणूस हळहळतो. नवी वस्तू बिघडली म्हणजे तो संतापतो. वास्तविक नव्या वस्तूची दुरुस्ती हमीच्या मुदतीत फुकट होत असल्यामुळे पैशाच्या दृष्टीने नुकसान कमीच असते. तरीही संताप येतो तो नव्या वस्तूबद्दलच. असे का व्हावे? जुन्या वस्तूने आपली सेवा केलेली असते; तिचा बिघाड हा तिच्या वार्धक्याचा भाग आहे असे आपण मनाशी धरून चालतो. नव्या वस्तूच्या बिघाडात मात्र कोणीतरी दिलेला शब्द मोडला गेल्याचा भास होतो. लोखंडाने कधी कोणास शब्द दिलेला नाही. तो माणसाने दिलेला असतो. म्हणूनच यंत्राच्या दोषाचा विचार करावयास बसले की थोड्याच वेळात आपण माणसांच्या नीतीचा विचार करू लागतो. मागे एका डिझेल मोटारीने आम्हांस हा विचार सक्तीने करावयास लावला. आणि त्यात जे दिसून आले ते सर्वस्वी आमच्या बाजूचे नसल्यामुळेच ते वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

२०२१ च्या दसऱ्यास आम्ही पुण्यात एक नवी डिझेल मोटार घेतली. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. आईस मागच्या आसनावर बसवून तळजाईपर्यंत एक फेरी झाली. डिझेल पेट्रोलपेक्षा काहीसे स्वस्त, आणि लांबच्या प्रवासास डिझेलचे इंजिन दमदार, एवढे दोन विचार आमच्या मनात होते. आमचा लांबचा प्रवास वर्षातून तीन-चार वेळांचा, आणि रोजचा प्रवास शाळा, मंडई आणि कचेरी मिळून चार-पाच मैलांचा, हा तिसरा विचार आमच्या मनात आला नाही आणि विक्रेत्याने तो आणून दिला नाही.

दीड महिन्यातच समोरच्या फलकावर एक पिवळा दिवा लागला आणि इंजिनाचा जोर निम्म्यावर आला. गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तेथे तिला एक उपकरण जोडण्यात आले, दिवा विझवण्यात आला, आणि गाडी परत मिळाली. महिन्याभराने पुन्हा तोच दिवा. तिसऱ्या खेपेस खुलासा झाला तो असा. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात धुराविषयीचे जे कडक नियम लागू झाले, त्यांमुळे डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत काजळी अडवून धरणारा एक फिल्टर असतो. साठलेली काजळी मधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. आणि तो तसा तापण्यास गाडी काही वेळ सलग व वेगाने चालावी लागते. मंडईपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत काजळी साठतच जाते. जाळण्याचे काम सुरू होते न होते तोच आपण किल्ली फिरवून इंजिन बंद करतो. थोडक्यात, दोष गाडीत नसून आमच्या गाडी चालविण्यात होता, असे आम्हांस सांगण्यात आले.

या सांगण्यात सत्य होते, आणि म्हणूनच ते अधिक झोंबले. विकताना जी गोष्ट एका वाक्यात सांगता आली असती, ती तीन खेपांनंतर सांगण्यात आली. आणि सांगताना तिचे रूप माहितीचे न राहता आरोपाचे झाले होते. तथापि आमचाही भाग आम्ही नाकारीत नाही. बैल घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, त्यास चालवून पाहतो, गावकऱ्यांकडे चौकशी करतो. आम्ही गाडीचा रंग पाहिला आणि हप्ता विचारला. पुढे दर रविवारी सकाळी आम्ही गाडी महामार्गावर तासभर पळवू लागलो. पिवळा दिवा पुन्हा लागला नाही, आणि प्रकरण संपले असे आम्ही समजलो.

२०२२ च्या मे महिन्यात एका लग्नासाठी साताऱ्यास जात असता खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिन एकाएकी बंद पडले. या वेळी कोणताही दिवा लागला नाही की कोणताही इशारा मिळाला नाही. मागून मालमोटारींची रांग, डाव्या बाजूस कठडा, आणि मागच्या आसनावर शहात्तर वर्षांची आई. दहा मिनिटांनी किल्ली फिरविली तो इंजिन काहीच न घडल्यासारखे सुरू झाले. आईने त्या दिवशी काही म्हटले नाही. परंतु परतीच्या प्रवासास ती एस.टी.ने निघाली.

चौथ्या खेपेस वर्कशॉपमधून जो कागद मिळाला, त्यावर ‘दोष आढळला नाही’ अशा अर्थाचा शेरा होता. या शेऱ्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला आहे. ‘आम्हांस दोष आढळला नाही’ आणि ‘दोष नाही’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले वाक्य पाहणाराविषयी आहे, दुसरे वस्तूविषयी. परंतु कागद हातात ठेवणाराच्या चेहऱ्यावर पहिले वाक्य दुसऱ्याचे रूप घेते. घाट चढताना तापलेल्या इंजिनाने जे केले, ते सपाट अंगणात निवलेल्या इंजिनाने केले नाही, एवढ्यावरून घाटातले खोटे ठरते. ज्याने ते सोसले त्याची साक्ष ‘तुमचा काहीतरी समज झाला असेल’ म्हणून बाजूस सारली जाते, आणि जे उपकरण घटनास्थळी नव्हते त्याची साक्ष ग्राह्य धरली जाते. आजाऱ्यांस हा अनुभव परिचित आहे: वैद्याकडे जाताच दुखणे थांबते, आणि घरची माणसेही त्यास हळवा म्हणू लागतात.

‘यंत्र खोटे बोलत नाही’ असे त्या वेळी आम्हांस एका तरुण कर्मचाऱ्याने ऐकविले. हे वचन तपासून घेतले पाहिजे. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीचे जे प्रकरण उघडकीस आणले, त्यात डिझेल मोटारींच्या संगणकास आपली चाचणी चालू आहे हे ओळखण्यास शिकविलेले होते. चाचणीपुरता धूर नियमात राही. रस्त्यावर येताच विषारी वायूंचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट होई. जगभर सुमारे एक कोटी दहा लक्ष गाड्यांत ही योजना होती असे कंपनीस कबूल करावे लागले. यंत्र आपण होऊन खोटे बोलत नाही हे खरे. पण ते खरेही आपण होऊन बोलत नाही. जे बोलावयास त्यास शिकविले असेल तेवढेच ते बोलते, आणि जे पाहावयास शिकविले नसेल त्याविषयी ते गप्प राहते. आमच्या गाडीत कोणी लबाडी केली होती असे आमचे म्हणणे मुळीच नाही. साम्य एवढेच की दोन्ही ठिकाणी गाडी परीक्षकापुढे सुशील आणि रस्त्यावर निराळी होती. आणि दोन्ही ठिकाणी रस्त्यापेक्षा परीक्षेवर अधिक विश्वास ठेवला गेला.

येथे डिझेल इंजिनाच्या जन्माची हकीकत आठविणे उपयुक्त होईल. रुडॉल्फ डिझेल याने आपले पहिले इंजिन १८९३ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालवून पाहिले. इंधन आत जाताच असा स्फोट झाला की दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे दुरुस्त्या, फेरबदल आणि पुन्हा अपयश यांत गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत म्यूनिकचे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी त्या इंजिनाची कसोटी घेतली, तेव्हा इंधनातील शक्तीचा २६.२ टक्के भाग कामी येतो असे सिद्ध झाले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा हा आकडा कितीतरी सरस होता, आणि जगभर डिझेलचे नाव झाले. परंतु कसोटीत उतरलेले इंजिन गिऱ्हाइकांच्या कारखान्यांत मात्र वारंवार अडू लागले, आणि पहिल्या काही खरेदीदारांकडून इंजिने परत येण्याची पाळी आली. म्हणजे निष्णात हातांत नीट चालणे आणि परक्याच्या दारी नीट चालणे यांतील अंतर या इंजिनाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

यावरून आम्ही असे म्हणू की यंत्रात दोष निघणे ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. हजारो भाग एकत्र येऊन जी वस्तू होते, तिच्यात एखादा भाग उणा निघणे हा अपघात आहे, अपराध नव्हे. ज्या दिवशी डिझेलचे उपकरण फुटले त्या दिवशी त्याने कोणाचाही विश्वासघात केला नाही. इंजिन पूर्ण सिद्ध झाले असे जगास भासू दिले, तेव्हा मात्र प्रश्न यंत्रशास्त्राचा न राहता नीतीचा झाला. दोष जन्मतो तो लोखंडात. पण तो माहीत असणारा जेव्हा गप्प बसतो, किंवा माहीत नसणारा माहीत असल्याचा आव आणतो, तेव्हा तो माणसात शिरतो.

हे तत्त्व आम्ही विक्रेत्यास आणि वर्कशॉपास मोठ्या आवेशाने लावीत होतो. ते आम्हांस स्वतःस लावण्याचा प्रसंग लवकरच आला.

२०२२ च्या डिसेंबरात त्याच घाटात, जवळजवळ त्याच वळणावर, गाडी दुसऱ्यांदा बंद पडली. या पाचव्या खेपेस उपकरणाने एका सेन्सरचे नाव सांगितले. इंजिनाचा मुख्य दांडा, ज्यास क्रँकशाफ्ट म्हणतात, तो किती वेगाने आणि कोणत्या स्थितीत फिरत आहे हे या सेन्सरकडून गाडीच्या संगणकास कळते. ती खबर थांबली की संगणक इंजिन थांबवितो. सेन्सर बदलण्यात आला. ‘आता चिंता नको’ असे सांगण्यात आले. परंतु आमच्या घरातील विश्वास सेन्सरबरोबर बदलून मिळाला नव्हता. आई गाडीत बसेना. मित्रमंडळींनी सल्ला दिला, “अहो, ग्राहक आयोगाकडे कशास खेटे घालता? विकून मोकळे व्हा.” आयोगाचा मार्ग आम्ही पाहिला होता. १९८६ च्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाची व्याख्या पुष्कळ व्यापक आहे. परंतु परीक्षेवाचून जो दोष ठरत नाही, त्यासाठी वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी लागते. आणि परीक्षेच्या वेळी गाडी शहाण्यासारखी वागणार हे आम्हांस अनुभवाने ठाऊक होते. म्हणून विकण्याचे ठरले.

आता प्रश्न असा की घेणारास काय सांगावयाचे? गाडी दोनदा बंद पडली हे खरे. पण ती दुरुस्त झाली असे ज्यांस त्यातले कळते त्यांनीच सांगितले होते, हेही खरे. मग बऱ्या झालेल्या दुखण्याची जाहिरात कशाला? विचारले तर सांगू. न विचारले तर आपण होऊन बोलण्याचे बंधन कोठे आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडील शहाणपण सांगतेच.

हा युक्तिवाद आम्हांस आपला वाटला, तरी तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमन ग्रंथकार सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात एक घर विकणाऱ्या माणसाचे उदाहरण आहे. घर अनारोग्यकारक आहे, त्यात विषारी जीव निघतात, लाकूड निकृष्ट आहे. हे मालकावाचून कोणास ठाऊक नाही. त्याने ते सांगावे काय? या प्रश्नावर बाबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन स्टोइक तत्त्वज्ञांची मते सिसेरोने समोरासमोर मांडली आहेत. डायोजिनीसचे म्हणणे असे की न सांगणे आणि लपविणे या दोन भिन्न गोष्टी होत. कायद्याने जेवढे सांगावयास लावले आहे तेवढे सांगितले आणि खोटे बोलले नाही म्हणजे विक्रेत्याचे कर्तव्य संपले. अँटिपेटर म्हणतो की मनुष्यमात्राचे हित एकमेकांत गुंतलेले आहे; घेणारास जे कळणे अगत्याचे आहे, ते आपल्या लाभासाठी त्यास कळू न देणे म्हणजे वाट चुकणारास मुद्दाम वाट न दाखविण्याहूनही वाईट आहे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूस पडला आहे.

आपल्या धर्मशास्त्रानेही हा प्रश्न टाळलेला नाही. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत क्रयविक्रयानुशय, म्हणजे खरेदी-विक्रीनंतर होणारा पश्चात्ताप, हे एक स्वतंत्र पद आहे. आणि असा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्याघेण्याची मुभा आहे. याज्ञवल्क्याने वस्तुपरत्वे परीक्षेच्या मुदती निरनिराळ्या सांगितल्या आहेत: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. ज्या वस्तूचा दोष जितक्या काळात उघड व्हावयाचा, तितका काळ घेणारास मिळावा, अशीच यामागील दृष्टी असावी. मोटार ही लोखंडही आहे आणि ओझे वाहणारे जनावरही आहे. तिचा दोष एका दिवसात उघड होत नाही की पाच दिवसांतही. आमच्या गाडीने सात महिने घेतले. तात्पर्य, जेथे पाहून कळण्यासारखे नसते, तेथे घेणाराच्या डोळ्यांवर भार टाकून चालत नाही. विकणाराच्या जिभेवर तो पडतो.

हे सर्व आम्ही वाचलेले होते. वाचलेले असूनही आम्ही काय केले ते आता सांगतो.

२०२३ च्या जानेवारीत वाईकडचे एक तरुण गृहस्थ सपत्नीक गाडी पाहावयास आले. त्यांनी गाडीची फेरी मारली, टायर पाहिले, कागद पाहिले. चहा आला. मग त्यांनी सहज विचारले, “काका, घाटात ओढते ना व्यवस्थित?”

आमच्याजवळ एक उत्तर तयार होते, आणि ते अक्षरशः खोटे नव्हते. गाडी घाटात ओढतच होती. बंद पडेपर्यंत तिने उत्तम ओढले होते. “ओढण्यास उत्तम आहे,” असे आम्ही म्हणालो. त्या गृहस्थांनी समाधानाने मान हलविली. पुण्याहून वाईस जाण्याची नेहमीची वाट खंबाटकी उतरूनच जाते, आणि चढल्यावाचून उतरता येत नाही, हे त्या क्षणी आम्हांस ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही.

तेवढ्यात चहाचे कप उचलावयास आलेल्या आमच्या पत्नीने शांतपणे सांगितले, “दोनदा घाटात बंद पडली आहे. सेन्सर बदलला, आता नीट झाली असं म्हणतात. पण त्यानंतर आम्ही ती घाटात नेलेली नाही.”

या तीन वाक्यांत निंदा नव्हती आणि बचावही नव्हता. जे घडले ते, जे इतर सांगतात ते, आणि जे आपणांस ठाऊक नाही ते, अशा तीन गोष्टी तीन ठिकाणी ठेवल्या होत्या. आम्ही इतकी पुस्तके चाळून जे साधले नाही, ते घडले याचे श्रेय आमचे नव्हे. पाहुणे पाचेक मिनिटे बसले, ‘कळवतो’ म्हणाले, आणि गेले. त्यांनी कळविले नाही. त्या संध्याकाळी आमच्या मनात जे आले ते समाधान नव्हते, तो राग होता. आणि तो गाडीवर नसून पत्नीवर होता, हेही कबूल केले पाहिजे.

फेब्रुवारीत, नवा सेन्सर असलेली तीच गाडी कात्रजच्या चढावर आचके देऊ लागली. आमचा राग त्या दिवशी गेला, आणि त्याच्या जागी जी भीती आली ती अजून पुरती गेलेली नाही. आमच्या त्या एका वाक्यावर विसंबून ते तरुण जोडपे रात्रीच्या वेळी खंबाटकीत अडकले असते, तर ‘आम्ही खोटे बोललो नाही’ हे वाक्य आम्ही कोणापुढे उच्चारू शकलो असतो?

सहाव्या खेपेस वर्कशॉपमध्ये एका वयस्क मिस्त्रीची गाठ पडली. त्यांनी आमची सगळी हकीकत, मध्ये न बोलता, ऐकून घेतली. मग म्हणाले, “साहेब, दोष काय आहे ते मला कळलेलं नाही. इथं उभी करून कळणारही नाही. मला घाटात घेऊन चला.” सोळा महिन्यांत ‘मला कळलेले नाही’ हे शब्द आमच्या कानांवर प्रथमच पडले, आणि आश्चर्य असे की त्या शब्दांनीच आमचा विश्वास परत आला. तिसऱ्या चढणीस इंजिन अडखळले. त्यांनी गाडी सुरक्षित जागी बाजूस घेवविली, बॉनेट उघडले आणि इंजिन चालू ठेवून वायरींचा जुडगा हाताने हलके हलके हलविला. एका ठिकाणी हात जाताच इंजिन बंद झाले. सेन्सरकडे जाणाऱ्या वायरीचे वेष्टण एका लोखंडी पट्टीवर घासून गेले होते. चढावर जोर लागला की इंजिन आपल्या रबरी बैठकीवर किंचित कलते. तेवढ्याने उघडी तार पट्टीस टेकत असे, आणि गाडी थांबली की ती सुटत असे. सेन्सर बिचारा पहिल्यापासून निर्दोष होता. त्याची खबर वाटेतच अडत होती, आणि दोष मात्र खबर देणारावर लादला गेला होता. दुरुस्तीस नवे वेष्टण, एक चिमटा आणि अर्धा तास लागला.

कोणी म्हणेल, दोष इतका क्षुल्लक होता, तर एवढे तत्त्वज्ञान कशास? आमचे उत्तर असे की दोषाचा क्षुल्लकपणा तो सापडल्यावर कळतो. सापडेपर्यंत त्याची किंमत घाटात उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाइतकी असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खरे सांगणाराचा तोटा होतो त्याचे काय? सर्वच गप्प बसत असता एकट्याने बोलावे, म्हणजे एकट्याने दंड भरावा असे झाले. हा आक्षेप खोटा नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन असे दाखविले की विकणारास दोष ठाऊक आणि घेणारास नाही, अशी स्थिती असली म्हणजे घेणारा प्रत्येकच गाडी सदोष धरून भाव पाडतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि वाईट तेवढ्या उरतात. २००१ साली त्यास जे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते याच प्रकारच्या विचाराबद्दल होते. म्हणजे मौनाचा दंडही कोणीतरी भरतोच. फक्त तो सर्वांवर थोडा थोडा बसत असल्यामुळे कोणाच्या नजरेस येत नाही. खरे सांगणाराचा दंड मात्र एका दिवशी, एका रकमेने, त्याच्याच खिशातून जातो. ही विषमता नीतीच्या उपदेशाने नाहीशी होईल असे आम्हांस वाटत नाही. कायदे, हमीची मुदत, दोष आढळल्यास गाड्या आपण होऊन परत बोलावण्याची निर्मात्यांची पद्धत, ही सर्व साधने तिच्याचसाठी आहेत, आणि ती अधिक कडक व्हावीत. परंतु कायदा चहाच्या टेबलापाशी येऊन बसत नाही. तेथे ‘घाटात ओढते ना’ या प्रश्नाचे उत्तर आपणच द्यावयाचे असते.

आम्हांस अधिक बोचते ते हे की ज्या अन्यायाबद्दल आम्ही सोळा महिने कंठशोष करीत होतो, तोच करावयास आम्हांस पाच मिनिटेही लागली नाहीत. फसलेल्या माणसास असे वाटू लागते की जगाकडे आपले काही येणे आहे, आणि ते पुढच्या माणसाकडून वसूल करण्यास हरकत नाही. विक्रेत्याने आम्हांस फिल्टरची गोष्ट सांगितली नाही. म्हणून आम्ही वाईच्या गृहस्थांस घाटाची गोष्ट सांगावयाची नाही. दोष अशा रीतीने हातोहात खाली उतरत जातो आणि शेवटी ज्यास कोणास विकावयाचे उरलेले नसते, त्याच्या माथी बसतो. ही साखळी तोडणारास मोठे धैर्य लागते असे नाही. पण स्वतःचे नुकसान स्वतःपाशी थांबविण्याची तयारी लागते, आणि आपल्या तक्रारीवर प्रेम जडलेल्या माणसास तेच सर्वांत कठीण जाते.

गाडी आमच्याकडेच आहे. ती नीट चालते. आई अलीकडे तिच्यात बसू लागली आहे. घाट आला की मात्र जपमाळ हातात घेते, आणि आम्हीही बोलणे थांबवून इंजिनाचा आवाज ऐकत राहतो. गाडीच्या कप्प्यात सहाही खेपांचे कागद एका जाड पाकिटात ठेवले आहेत. पुढेमागे ती विकण्याची वेळ येईल, तेव्हा किल्लीच्या आधी ते पाकीट समोर ठेवावयाचे असे आमच्या घरात ठरले आहे. ते ठेवणारा हात त्या वेळी आमचाच असावा, एवढी आमची इच्छा आहे. मागच्या अनुभवावरून याहून अधिक आश्वासन देण्याचा अधिकार आम्हांस नाही.